बाहेरून येणारे तयार कपडे आणि कस्टमचा क्रमांक

परदेशातून तयार कपडे मागविणारे आमचे व्यापारी बांधव खरेदीचा भाव, जहाजाचे भाडे आणि डॉलरचा दर यांचा हिशेब चोख ठेवतात. मालाचा टॅरिफ क्रमांक मात्र पुरवठादाराने बीजकावर लिहिला असेल तोच क्लिअरिंग एजंटच्या हाती देऊन मोकळे होतात. हा क्रमांक कसा ठरतो ते आज आपण पाहू. (मराठीत या ड्युटीला आयात जकातही म्हणतात, आपल्या जकातीशी तिचा नावापुरताच संबंध!)

१९८८ मध्ये सुरू झालेली 'हार्मोनाइज्ड' पद्धत आज बहुतेक देशांत चालते. क्रमांकाचे पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे असतात, पुढचे आकडे प्रत्येक देश आपापले लावतो. भारतात एकूण आठ आकडे आहेत. म्हणून चीनच्या बीजकावरचा दहा आकडी क्रमांक येथे जसाच्या तसा चालत नाही.

पहिला प्रश्न कापडाच्या विणीचा. आपल्या भाषेत 'विणणे' हा शब्द माग आणि सुया दोन्हींना चालतो; कस्टमला चालत नाही. होजिअरीचे, म्हणजे फाशांत फासे अडकवून केलेले कपडे प्रकरण ६१ मध्ये, तर मागावर ताण्या-बाण्याने विणलेल्या कापडाचे कपडे प्रकरण ६२ मध्ये जातात. मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना हा फरक सांगायला नको. पण बीजकावर नुसते 'अबाया' लिहिलेले असते आणि त्याच खोक्यात काही नग जर्सीचे, काही साध्या क्रेपचे निघतात. दोन्हींचे क्रमांक वेगळे.

दुसरा प्रश्न धाग्याचा. मिश्र कापडात वजनाने जो धागा जास्त, त्याचा माल धरला जातो. येथेच फसगत होते. समजा, कापडात सुती ४५ टक्के, पॉलिस्टर ३५ आणि व्हिस्कोस २० टक्के आहे. सुती सर्वांत जास्त दिसते, पण नियमाप्रमाणे पॉलिस्टर आणि व्हिस्कोस या मानवनिर्मित धाग्यांची आधी बेरीज होते. ती ५५ भरते, म्हणून माल सुती राहत नाही. पुरवठादाराकडून धाग्यांची टक्केवारी लेखी घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सांगू.

मग मर्दानी की जनानी? पुढून बंद होणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येत असेल तर मर्दानी, उजवी डावीवर येत असेल तर जनानी. कापणीवरूनच वेगळे स्पष्ट दिसत असेल तर गोष्ट निराळी. काहीच कळत नसेल तर तो जनानी धरतात.

आपल्या बाजारातल्या काही वस्तू तर प्रकरणच बदलतात. विणलेली टोपी ६५०५ मध्ये जाते. जानमाज गालिचांच्या ५७ व्या प्रकरणात, आणि तेथेही गाठी मारलेला, मागावर विणलेला, टफ्टेड असे भेद आहेत. मागाच्या कापडाचा चौकोनी रुमाल ६० सेंटीमीटरपर्यंत हातरुमाल. एकही बाजू त्याहून मोठी असली की तो ओढणी-स्कार्फच्या ६२१४ मध्ये.

क्रमांक चुकला तर काय होते? २०१८ मध्ये अनेक कपड्यांवरची मूळ ड्युटी १० वरून २० टक्के झाली. काही कपड्यांना टक्क्यांबरोबर नगामागे ठराविक रुपयांचा दरही असतो, आणि दोहोंपैकी जास्त भरेल ती रक्कम द्यावी लागते. स्वस्त मालाला हाच दर जड जातो. बांगलादेशच्या मालाला 'साफ्टा' करारातील सवलत हवी असेल तर २०२० च्या नियमांप्रमाणे मूळ देशाचा दाखला पुरेसा नाही. माल तेथे कसा तयार झाला याची माहितीही आयातदाराने बाळगावी लागते. शिवाय मे २०२५ मध्ये बांगलादेशी तयार कपड्यांची आयात न्हावा-शेवा आणि कोलकाता या दोन बंदरांपुरतीच मर्यादित करण्यात आली.

२०११ पासून आकारणी आयातदारानेच करायची असते. त्यामुळे 'एजंटने लिहिले' हे उत्तर टिकत नाही. कमी भरलेल्या ड्युटीची मागणी दोन वर्षांपर्यंत, आणि माहिती जाणूनबुजून लपविल्याचे ठरले तर पाच वर्षांपर्यंत मागे जाऊन येऊ शकते. तोवर माल विकला गेलेला असतो, पैसे मात्र पदरचे.

अबायासारख्या कपड्याचे झगा, कोट की 'इतर कपडे' असे वाद होऊ शकतात. नेहमी तोच माल आणणाऱ्याने अशा वेळी मुंबईच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे नमुन्यासह अर्ज करावा. फी दहा हजार रुपये असून, कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर निर्णय ठरलेल्या मुदतीपर्यंत लागू राहतो. अर्ज पहिला कंटेनर निघण्यापूर्वीच करावा.