‘स्मृतिचित्रे’मधील लज्जा आणि श्रद्धा

मराठीतील ख्रिस्ती आत्मकथनांचा विचार करताना समीक्षेने बहुधा धर्मांतराची घटना केंद्रस्थानी ठेवली आहे. पापबोध, पश्चात्ताप आणि तारण या तीन संज्ञांच्या चौकटीत ही आत्मकथने वाचण्याचा प्रघात त्यातूनच पडला. बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदया’ला ही चौकट शोभते. १८५४ मध्ये बेळगावी बाप्तिस्मा घेणारा हा तरुण वाचन, वादविवाद आणि आत्मपरीक्षण यांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोहोचतो. लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध) मात्र या चौकटीत नीट बसत नाहीत. त्यांच्या अनुभवविश्वाचा भार पापापेक्षा लाजेवर आहे.

या दोहोंतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. पाप कृतीला चिकटते, लाज व्यक्तीला. पाप्याला क्षमा मागता येते. लाजलेल्याने क्षमा कशाची मागावी? पुष्कळदा त्याच्या हातून काही घडलेलेच नसते. ‘अब्रू’ हा फारसीतून आलेला शब्द मुळात ‘चेहऱ्याचे पाणी’ असा अर्थ देतो. हे पाणी उतरते ते लोकांच्या नजरेत, आणि ते उतरवणारा कित्येकदा घरातलाच दुसरा कोणी असतो.

बायबलला हा भेद ठाऊक आहे. उत्पत्तीच्या कथेत आज्ञाभंगानंतर आदाम आणि हव्वा प्रथम स्वतःला झाकून घेतात, मग लपतात. अपराधाचा हिशोब त्यानंतर होतो. क्रूस हा तर रोमन साम्राज्यात वेदनेइतकाच विटंबनेचा दंड होता. नगराबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत तो दिला जाई. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने क्रूस सोसताना त्यामागील लज्जेची पर्वा केली नाही, असे म्हटले आहे ते यासाठीच. ज्याची पूजा करायची तोच चारचौघांत बेअब्रू झालेला असल्यावर अब्रूच्या कल्पनेचा पायाच हलतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची वर्णने ग्रंथाच्या आरंभीच येतात आणि वाचक त्यांवर मनमुराद हसतो. पण या हास्याखाली एक भयकथा आहे. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्यानंतर वडिलांचे हे वेड बळावले. घरावर आलेला डाग धुण्याची ही धडपड होती, असे अनुमान केल्यास ते अवाजवी ठरू नये. शुचितेचा अतिरेक हे लाजेचेच एक रूप असते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या निर्णयाची लाज पत्नीच्या वाट्याला आली. ती विधवा नव्हती, टाकलेली म्हणावी तर तसेही नव्हते. नवरा हयात असून त्याच्या घरी जाण्याची सोय उरली नाही. तत्कालीन ब्राह्मण समाजाजवळ या अवस्थेला नावच नव्हते, आणि निनावी अवस्थेची लाज अधिक जाचक असते. पुढे पतीकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले सोवळे-ओवळे निराळे सांभाळले, आणि टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. धर्मग्रंथांच्या व्याख्यानांपेक्षा या न केलेल्या सक्तीचे श्रेय मोठे आहे.

येथे एका क्रमाकडे लक्ष वेधले पाहिजे. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० मधला. परंतु जातिभेद मनुष्यकृत आहे, या निष्कर्षाला त्या त्यापूर्वीच, स्वतःच्या विचाराने पोहोचल्या होत्या. म्हणजे विटाळाची भीती आधी गेली आणि ख्रिस्तावरील श्रद्धेचा जाहीर स्वीकार मागाहून आला. श्रद्धेने लाज घालवली असे सरळ विधान त्यामुळे करता येत नाही. लाजेचे मूळ सैल झाल्यावर श्रद्धेने त्या रिकाम्या जागी एक नवे घर दिले, असे म्हणणे ग्रंथाशी अधिक प्रामाणिक ठरेल.

मराठी परंपरेत लाज टाकण्याचा एक भक्तिमार्ग होताच. भर बाजारात लोकलज्जा झुगारून निघालेली जनाबाई सर्वांच्या परिचयाची आहे. आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या टिळकांच्या घरात हा वारसा परका नव्हता. तरीही फरक आहे. जनाबाईची निर्लज्जता विठ्ठलापुढे आणि अभंगाच्या उत्कट क्षणी फुलते. लक्ष्मीबाईंची मोकळीक रोजच्या संसारात, स्वयंपाकघरात, उसनवारीत नांदते. म्हणूनच तिचा आविष्कार विनोदातून होतो. आपली फजिती स्वतःच सांगणारा माणूस लोकांच्या नजरेच्या कचाट्यातून सुटलेला असतो. ‘स्मृतिचित्रां’च्या विनोदाला केवळ स्वभावविशेष मानणाऱ्या समीक्षेने त्याचे हे मूळ पाहिलेले नाही.

पंडिता रमाबाईंची वाट याहून वेगळी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाल्यावरही आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, ही जाणीव त्यांना पुढे झाली. त्यांच्या १९०७ मधील साक्षीत विनोदाला थारा नाही. पण केडगावच्या मुक्तिसदनाच्या परिसरात समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन उभारले, तेव्हा लाजेचा प्रश्न त्यांनी लेखनाऐवजी निवाऱ्याच्या भाषेत सोडवला.

या सर्व विवेचनाला एक मर्यादा आहे, आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. लक्ष्मीबाईंना टाकावी लागली ती उच्चवर्णीय प्रतिष्ठा. तिची लाज ही प्रतिष्ठेच्या हानीची लाज होती. अहमदनगर परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार-मांग समाजातून आली होती. त्यांच्यावर लाज जन्मानेच लादलेली होती. गमावण्यासारखी अब्रू गावगाड्याने त्यांना दिलीच नव्हती. एकीला खाली उतरून मोकळे व्हायचे होते, दुसऱ्याला ताठ उभे राहून. प्रार्थना एकच, पण तिचा अर्थ दोघांना निरनिराळा लागत असला पाहिजे. शिवाय मंडळीत आल्यावर जात पुसली जातेच असेही नाही, आणि मिशनच्या पगारावर जगण्यात एक नवी ओशाळगत असते. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, त्यामागे ही बोच होती. ‘स्मृतिचित्रां’त त्या शेजाऱ्यांची घरे दिसतात, त्यांची माणसे बोलतात, आजारी पडतात, मदतीला धावतात, पण दिसतात ती एका नवागत शेजारणीच्या नजरेने, उंबऱ्याच्या अलीकडून.