इंजिनाच्या हेडाचें गॅस्केट आणि लुकण

ऐन वैशाखांत विहिरीवरील तेलाचें इंजिन बंद पडलें म्हणजे उभ्या उंसाची काय अवस्था होते, हें बागाइतदारांस सांगावयास नको. गतवर्षीं आम्हांवर हाच प्रसंग आला. इंजिनाचा दाब उतरला व त्यांतून परतणाऱ्या पाण्यांत बुडबुडे येऊं लागले. मिस्त्रींनीं हेडाखालील गॅस्केट बदलून त्यास दोन्ही बाजूंनीं सिलिकोनचें जाड लुकण फांसलें. तिसऱ्याच दिवशीं इंजिन तापून पुन्हां बंद पडलें! हेड उघडून पाहतां पाण्याच्या वाटा लुकणानें बुजलेल्या आढळल्या. त्यावरून जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

जळत्या वायूचा दाब कोंडून धरणें व पाण्यास वाटेबाहेर जाऊं न देणें, हीं गॅस्केटाचीं मुख्य कामें होत. तीं सपाट पृष्ठभाग व नटांचा सारखा आंवळ यांनीं साधतात. लुकण हें केवळ साहाय्यक होय.

१. सफाई :— जुना थर बोथट पट्टीनें काढून दोन्ही पृष्ठभाग राकेलाच्या फडक्यानें पुसावे व कोरडे करावे. जुनें गॅस्केट अस्बेस्टॉसचें असल्यास ओलें करूनच काढावें. त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते.

२. परीक्षा :— हेडावर पोलादी सरळ पट्टी उभी, आडवी व तिरपी धरून खालीं फीलर गेज घालून पाहावें. इंजिनाच्या पुस्तकांतील मर्यादेहून अधिक फट असल्यास हेड घासून सपाट करवावें.

३. लुकण :— बहुतेक गॅस्केटें कोरडींच बसवावयाचीं असतात. ज्यांवर कारखान्यांतूनच लेप येतो, त्यांस कांहींही लावूं नये. नुसत्या तांब्याच्या पत्र्याचें गॅस्केट असून पुस्तकांत आज्ञा असेल, तर तांबेयुक्त लुकणाचा अगदीं पातळ फवारा द्यावा. सिलिकोन तेलाच्या टाकीस किंवा झांकणास ठीक. जळत्या वायूपुढें तें टिकत नाहीं.

४. आंवळणें :— नट समोरासमोरचे घेऊन तीन टप्प्यांत, टॉर्क-पान्यानें, पुस्तकांतील मापापर्यंत आंवळावे. इंजिन चालवून पाहिल्यावर पुन्हां आंवळण्यास सांगितलें असल्यास तसें करावें व टॅपेटचें अंतरही नव्यानें जुळवावें.

आमचें हेड वांकलेलें निघालें. तें घासून आणून गॅस्केट कोरडेंच बसविलें, तेव्हां इंजिन सुरळीत चालूं लागलें. परंतु तोंवर उंसाची एक पाळी चुकली होती. वांकलेलें हेड लुकणानें सरळ होत नाहीं, हें ध्यानांत ठेवून प्रथम सरळ पट्टी हातीं घ्यावी, हीच विनंति.