घेण्याआधी पान उलटून बघ

अप्पा बळवंत चौकात गेलीस की दुकानदार आधी विचारील, "कुठलं सेमिस्टर?" उत्तर दिलंस की हातात गाइड पडलंच समज. पास व्हायला ते पुरेल. शिकायचं असेल तर मी सांगतो ते ऐक, पोरी.

ऑपरेटिंग सिस्टिमचं पुस्तक जुनं असलं तरी बिचकू नकोस. मॉरिस बाख यांचं युनिक्सवरचं पुस्तक १९८६चं आहे. तेव्हाची यंत्रं कधीच भंगारात गेली, पण इनोड म्हणजे काय, फोर्क केल्यावर आत काय घडतं, हे त्यांच्याइतकं नीट सांगणारे थोडेच. तू साल बघू नकोस, कोड बघ. टॅनेनबॉम यांनी १९८७ साली पुस्तकातच मिनिक्सचा सोर्स कोड छापला आणि तेच पुस्तक वाचून हेलसिंकीचा टोरवाल्ड्स या नादाला लागला. शेड्युलिंगचं प्रकरण उघड. नुसत्या चौकोन-बाणांच्या आकृत्या असतील, चालवून बघण्यासारखं काहीच नसेल, तर परत ठेव. मुखपृष्ठावर डायनोसॉर असलेलं सिल्बरशात्स-गॅल्विन लायब्ररीतून आण, विकत कशाला? आणि खिशात हात घालण्याआधी आर्पाची-दुसो पतिपत्नींचं 'थ्री ईझी पीसेस' वाच. सगळी प्रकरणं त्यांनी स्वतःच नेटवर फुकट ठेवली आहेत. जोडीला एमआयटीची छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम एक्सव्ही-सिक्स घे आणि तिचा शेड्युलर बदलून बघ. दोन-चारदा मशीन लटकेल, लटकू दे.

टाइपसेटिंगच्या पुस्तकांचं मात्र उलटं. तिथे आवृत्ती आधी बघायची. लाटेकच्या पुस्तकातलं पहिलंच उदाहरण काढ. 'डॉक्युमेंटस्टाइल'ने सुरू होत असेल तर ते फुकट मिळालं तरी नको. 'डॉक्युमेंटक्लास' असेल तर पुढे चाळ. लॅम्पोर्ट यांचं पुस्तक घेशील तर १९९४ची दुसरी आवृत्तीच घे. 'लाटेक कम्पॅनियन' २०२३चं, दोन खंडांचं आणि महाग. चार मैत्रिणींत मिळून घ्या. क्नुथ यांचं 'टेकबुक' तेवढं याला अपवाद. त्यांनी टेक गोठवूनच ठेवलंय, फक्त चुका दुरुस्त होतात, म्हणून १९८४चं पुस्तक अजून चालतं. पण त्याने सुरुवात करू नकोस, दमशील.

तुला प्रबंध मराठीत छापायचाय ना? मग सूचीत झीलाटेक किंवा लुआलाटेक आणि 'पॉलिग्लॉसिया' शोध. नसेल तर ते पुस्तक तुझ्या कामाचं नाही, कितीही नावाजलेलं असो. असेल तर पहिल्याच दिवशी 'दऱ्या' छापून बघ. 'दर्या' उमटलं तर आधी टाइप करताना नुक्त्याचा ऱ घेतलास का ते तपास, मग फाँट बदल. भाषा मराठी आहे असं फाइलमध्ये सांगायलाही विसरू नकोस. काही फाँट त्यावरूनच मराठी वळणाचे ल आणि श देतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात आणि गाइडबाई पहिल्याच पानावर लाल खूण करतात.