नर्मदा ओलांडायची नाही, मग होडी कशाला?

प्रश्न : नर्मदा परिक्रमेत मैयाचं पात्र कुठेही ओलांडायचं नाही, असा कडक नियम आहे म्हणतात. तरीही परिक्रमावासी गुजरातमध्ये होडीत बसून दक्षिण तटावरून उत्तर तटावर जातातच. हे ओलांडणं नव्हे का? आणि पलीकडे जायचंच, तर भरूचच्या पुलावरून का जात नाहीत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, हे ओलांडणं नव्हे. होडी नदीतून जात नाही. नदी जिथे संपते त्याच्या पुढून, समुद्रातून जाते. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंत १३१२ किलोमीटर वाहणारी नर्मदा परिक्रमेत कायम उजव्या हाताला ठेवायची असते. उपनद्या खुशाल ओलांडाव्यात, पण मुख्य धार कुठेही कापायची नाही. मग दोन्ही टोकांना तिला वळसा घालणं आलंच. अमरकंटकला हा वळसा उगमाच्या मागून, माई की बगियाकडून पायीच घालता येतो. पश्चिमेच्या टोकाला मात्र पुढे जमीनच नाही, म्हणून तिथे होडी लागते.

पुलाचं उत्तरही यातच आलं. भरूच आणि अंकलेश्वर यांना जोडणारा गोल्डन ब्रिज १८८१ पासून उभा आहे, पण त्याच्याखाली वाहते ती मैयाच. त्यावर पाऊल टाकलं की परिक्रमा खंडित झाली. म्हणून माणसं अंकलेश्वरहून पूल मागे टाकून हांसोटमार्गे आणखी पश्चिमेला, विमलेश्वरपर्यंत चालत जातात. ओंकारेश्वरहून देवउठनी एकादशीनंतर निघालेले लोक साधारण महिनाभरात इथे पोहोचतात. शूलपाणीच्या झाडीतले चढउतार संपलेले असतात. आता सपाट, खारी जमीन लागते आणि वाऱ्यालाही खारट वास येऊ लागतो.

इथे होडी माणसांच्या सोयीने सुटत नाही. खंबातचं आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं आहे. अरबी समुद्राचं पाणी या चिंचोळ्या जागेत शिरलं की वर चढतं, त्यामुळे इथली भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे. ओहोटीला किनाऱ्यालगतच्या खाड्यांत नुसता चिखल उरतो आणि होड्या त्यात बसून राहतात. भरतीने पाणी चढेल तेव्हाच त्या हलतात. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी भरती. त्यामुळे होडी कधी भल्या पहाटे सुटते, कधी मध्यरात्री, आणि कधी विमलेश्वरला एक-दोन मुक्काम जास्त पडतात. महिनाभर रोज चालून पायांना लय सापडलेली असते. अशा वेळी बसून राहणं अनेकांना जड जातं. मला मात्र परिक्रमेतला हा टप्पा फार मोलाचा वाटतो. इथे चालणाऱ्याचा वेग, त्याची ताकद, त्याचं वेळापत्रक यांतलं काहीच चालत नाही.

समुद्रातले हे काही तास परिक्रमेचा विधीही असतात. संकल्पाच्या वेळी बाटलीत भरून घेतलेलं जल प्रत्येकाने जपून आणलेलं असतं, रोज त्याची पूजा केलेली असते. इथे, ज्याला परिक्रमावासी रत्नासागर म्हणतात तिथे, त्यातलं थोडं जल सागराला अर्पण करायचं आणि सागराचं तेवढंच बाटलीत घ्यायचं. नारळ सोडले जातात, ‘नर्मदे हर’चा गजर होतो. हिंदकळणाऱ्या होडीत एका हाताने काठ धरून दुसऱ्या हाताने ती लहानशी बाटली पाण्याखाली धरायची, आणि झाकण बोटांतून निसटू द्यायचं नाही! पलीकडे उत्तर तटावर मिठी तलाई. तिथून तोंड पूर्वेकडे वळतं.

ज्यांना एवढाही वळसा नको, त्यांच्यासाठी जलहरी परिक्रमा आहे. शंकराच्या देवळात शाळुंकेची पन्हळ न ओलांडता आपण मागे वळतो. तसंच या परिक्रमेत सागर न ओलांडता त्याच तटाने माघारी फिरतात, उगमाला वळसा घालतात आणि दुसऱ्या तटाने पुन्हा सागरापर्यंत जाऊन येतात. अंतर जवळपास दुप्पट होतं. हे व्रत घेणारे थोडेच, पण नियम त्याच्या मुळापर्यंत पाळणारी ही माणसं मला विलक्षण वाटतात.

तुमचा स्वतः जायचा विचार असेल, तर एक सांगतो. विमलेश्वरच्या मुक्कामासाठी हाताशी चार-पाच दिवस जादा ठेवा. आणि अमुक दिवशी पलीकडे भेटू, असा शब्द घरच्यांना देऊ नका.