जुळा गर्भ : नैसर्गिक आणि उपचारोत्तर

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून नलिकाबालक जन्मले, तेव्हा हा विषय आपल्या चिकित्सालयांपासून दूर होता. आज पनवेलमध्येही वंध्यत्वचिकित्सेनंतर जुळा गर्भ राहिलेली रुग्णा गर्भिणी परिचर्येसाठी आपल्याकडे येते आणि विचारते, "डॉक्टर, औषधांनी राहिलेली जुळी अशक्त असतात का हो?"

चरकाचार्यांनी शारीरस्थानात वायूने शुक्रशोणिताचे विभाजन झाल्यास यमल संभवतात असे सांगितले आहे. विभाग विषम झाल्यास एक गर्भ अधिक व दुसरा न्यून वाढतो, हेही त्यांच्या नजरेतून सुटलेले नाही. हे वर्णन एकबीज जुळ्यांना चपखल लागू पडते. उपचारोत्तर जुळी मात्र बहुधा द्विबीज असतात. क्लोमिफेनने एकाहून अधिक बीजे पक्व होतात, किंवा गर्भाशयात दोन भ्रूण ठेवलेले असतात. (एकच भ्रूण ठेवूनही तो क्वचित दुभंगतो, तेथे पुन्हा चरकच आठवतात!)

हा भेद तुलनेत महत्त्वाचा आहे. एकबीज जुळ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांची अपरा सामाईक असते आणि अशा गर्भिणींपैकी शेकडा १० ते १५ जणींत एका गर्भाचे रक्त दुसऱ्याकडे वळते. नैसर्गिक गटात अशी जुळी अधिक असल्याने सरसकट तुलनेत उपचारोत्तर जुळी फारशी मागे दिसत नाहीत. केवळ स्वतंत्र अपरा असलेल्यांची तुलना केल्यास मात्र उपचारोत्तर गटात अकाल प्रसूती काहीशी अधिक आढळते. त्यात मातेच्या वयाचा व वंध्यत्वाच्या मूळ कारणाचाही वाटा असतो. म्हणून गर्भ कसा राहिला याच्याही आधी अपरा एक की दोन, हे विचारावे. ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत ते उत्तम कळते. सामाईक अपरा असल्यास १६व्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी आवश्यक.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंना एक विनंती. काही वर्षांपूर्वी भ्रूणरोपणानंतर दोन आठवड्यांनी पोट फुगलेली एक रुग्णा दुकानातून पाचक चूर्ण घेऊन दोन दिवस घरीच थांबली. माझ्याकडे आली तेव्हा तिला धाप लागत होती, मूत्रप्रवृत्ती अल्प होती. तो आध्मान नव्हता. बीजकोष अतिउत्तेजित होऊन उदरात जल साचले होते. जुळ्या गर्भात हा उपद्रव अधिक तीव्र होतो व लांबतो. तिला तत्काळ रुग्णालयात पाठविले. अशा स्त्रीस चूर्ण देण्यापूर्वी उपचारांची चौकशी करावी आणि तिचे प्रोजेस्टेरॉन परस्पर बंद करू नये.