टेकडीवरच्या गिरिपुष्पाचं काय करायचं?

प्रश्न : आमच्या टेकडीवर गिरिपुष्पाची दाट झाडी आहे. ही परदेशी झाडं वाईट, असं म्हणतात. पण हिरवळ तर वाढलीच ना?

उत्तर : हिरवळ वाढली, हे खरं. पण टेकडीवर जे होतं, ते त्याखाली दडपलं गेलं. गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. भराभर वाढतं आणि गुरं फारसं खात नाहीत, म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर ते मोठ्या प्रमाणात लावलं गेलं.

वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी मूळचा अधिवास गवताळ माळ आणि विरळ झाडांचा. कुसळी गवत, सालई, गणेर, मेडशिंगी ही तिथली मंडळी उथळ, निकस मातीतच रुळलेली. गिरिपुष्पाच्या मुळांवरच्या गाठी मातीत नत्र वाढवतात, पावसाळ्यात त्याची दाट सावली पडते आणि उन्हाची सवय असलेलं गवत हटतं. गवत गेलं की जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोलाने जायचं कुठे? शिवाय उन्हाळ्यात गिरिपुष्पाच्या शेंगा तडकतात, बिया दूर उडतात.

कोकणात भातशेतीला याचाच पाला उत्तम हिरवळीचं खत ठरतो. झाड दोषी नाही, जागा चुकली.

तरीही सरसकट तोड नको. उतारावरची माती वाहून जाईल, शिवाय बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतातच. वनविभागाच्या परवानगीने टप्प्याटप्प्याने विरळणी करा, मोकळ्या जागी स्थानिक झाडं लावा. आणि जिथे गवत शिल्लक आहे, तिथे कृपा करून एकही खड्डा खणू नका.