जोडी म्हणून आणलेल्या दोन माद्या

माझ्या टँकमधल्या दोन एंजल माशांनी आठ महिन्यांत सहा वेळा अंडी घातली आणि त्यातून एकही पिल्लू निघालं नाही. टँकमध्ये उभ्या लावलेल्या दगडी पाटीवर शेदोनशे अंडी नीट ओळीत चिकटलेली असायची. दोघं आळीपाळीने पर हलवून त्यांना ताजं पाणी द्यायचे, जवळ आलेल्या माशाला पिटाळायचे. दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडू लागत आणि तिसऱ्या दिवशी पाटीवर बुरशीचा कापूस दिसे.

मी पाण्याला दोष दिला. आधी आरओचं पाणी मिसळून पाहिलं, मग हीटर २६ वरून २८ अंशांवर नेला, मग मेथिलिन ब्लू टाकलं. सहाव्या वेळी मात्र संध्याकाळी टँकसमोर बसून सगळं नीट पाहिलं. एक मासा पाटीला पोट टेकवून खालून वर सरकत होता आणि त्याच्या मागे अंड्यांची ओळ उमटत होती. मग दुसरा त्याच ओळीवरून गेला. त्याच्या मागेही अंडी उमटली! दुकानातून सुट्या माशांच्या चौपट पैसे मोजून ‘तयार जोडी’ म्हणून आणलेल्या त्या दोन्ही माद्या होत्या.

दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यालाही ते दोघं एकत्र फिरताना आणि कोपरा राखताना दिसले असतील, म्हणून तो त्यांना जोडी म्हणाला असेल. चूक इथेच होते. नर मिळाला नाही तर एंजलच्या दोन माद्या एकमेकींशी जोडी जमवतात. त्या पाटी साफ करतात, अंडी घालतात, त्यांची राखणही करतात. अंडी नेहमीच्या दुप्पट दिसली आणि एकूण एक पांढरी पडली, तर औषधाची बाटली उघडण्याआधी ही शंका घ्यावी.

एंजलच्या रंगावरून किंवा आकारावरून नर-मादी कळत नाही. नराच्या कपाळावर टेंगूळ येतं असं सर्रास सांगितलं जातं. काही मोठ्या, वयस्क नरांना ते येतंही, पण धष्टपुष्ट मादीचं कपाळही तसंच दिसू शकतं. भरवशाची खूण एकच. अंडी घालण्याच्या एक-दोन दिवस आधी पोटाखाली, मागच्या पराच्या पुढे, एक छोटी नळी बाहेर येते. नराची नळी बारीक आणि टोकदार असते, मादीची जाड आणि बोथट. अंडी त्यातून बाहेर पडायची म्हणजे ती जाड असणारच. मासा न पकडता, काचेतून ती स्वच्छ दिसते. मी सहा वेळा पाटीवरची अंडी बघत राहिलो आणि त्यांच्या वर दोन बोटांवर असलेल्या या खुणेकडे पाहिलं नाही, याची मला आजही रुखरुख वाटते.

एंजल ज्या सिक्लिड कुळातला, त्यात दीड हजारांहून जास्त जाती आहेत, त्यामुळे एकीची खूण दुसरीला लावता येत नाही. मध्य अमेरिकेतल्या काळ्या पट्ट्यांच्या कॉन्व्हिक्टमध्ये नारिंगी पोट मादीचं असतं. नर आकाराने मोठा आणि रंगाने साधा. पश्चिम आफ्रिकेतल्या क्रिबेन्सिसची मादीही पोटाला गर्द गुलाबी, आणि नराचे पर लांब, टोकदार. भडक तो नर हा नियम इथे सपशेल उलटतो.

मलावी सरोवरातले मासे आणखी गोंधळात टाकतात. लोम्बार्डोईचा नर पिवळा आणि मादी निळसर, तर ऑराटसची मादी पिवळी आणि मोठा झालेला नर काळपट. इलेक्ट्रिक यलोमध्ये दोघंही पिवळे. मलावीच्या अनेक जातींत नराच्या मागच्या परावर अंड्यांसारखे ठिपके असतात. मादी अंडी तोंडात घेते, त्या ठिपक्यांना अंडी समजून टोचा मारते आणि तेव्हा नराचं वीर्य तिच्या तोंडात जातं. व्होल्फगांग विकलर यांनी १९६२ मध्ये हे मांडलं. पण असे ठिपके बऱ्याच माद्यांवरही असतात, म्हणून केवळ ठिपके मोजून निर्णय घेऊ नये.

शिवाय दबलेला नर मादीसारखा फिका राहतो. टँगानिका सरोवराच्या परिसरातल्या बर्टोनी जातीत दांडगा नर बाजूला काढला की दबलेला नर काही मिनिटांत रंग चढवतो. दुकानातल्या भरगच्च टँकमध्ये ज्या ‘पाच माद्या’ दिसतात, त्यांतल्या दोन घरी आल्यावर नर निघाल्या तर ते यामुळेच. याच्या उलट प्रकारही घडतो: पीकॉक सिक्लिडच्या पिल्लांना किंवा माद्यांना संप्रेरक खाऊ घालून नरासारखा रंग आणला जातो. दोन इंचांचा मासा पूर्ण रंगात दिसला तर तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगावर भागत नसेल तिथे मासा उलटा करून पाहावा लागतो. हात आणि जाळी ओली हवी आणि काम काही सेकंदांत उरकायला हवं; त्याहून बरं म्हणजे पारदर्शक डब्यात थोड्या पाण्यात ठेवून खालून फोटो काढणं. मागच्या पराच्या पुढे दोन छिद्रं दिसतात. डोक्याच्या बाजूचं गुदद्वार, शेपटीच्या बाजूचं जननछिद्र. नरात दोन्ही साधारण सारखी असतात, मादीत मागचं स्पष्टपणे मोठं. एकट्या माशाकडे पाहून काहीच समजत नाही, चार-पाच शेजारी ठेवून तुलना केली तरच फरक डोळ्यात भरतो. तिलापियाच्या शेतीत तर या भागावर रंगाचा थेंब लावून मासे वेगळे काढतात. अगदी लहान पिल्लांत मात्र ही युक्ती चालत नाही.

गोव्याच्या खाडीतलं कालुंदर, केरळचं करीमीन, हेही सिक्लिडच, आणि त्याचे नर-मादी वरून ओळखणं तितकंच अवघड.

म्हणून जोडी विकत घेण्यापेक्षा पिल्लं घ्यावीत. नर-माद्या सारख्या संख्येने आहेत असं धरलं, तर दोन पिल्लं एकाच लिंगाची निघण्याची शक्यता निम्मी असते. सहा घेतली तर सगळी एकाच लिंगाची बत्तिसातून एकदाच निघतील. ती दोन वेगवेगळ्या घाण्यांतली असावीत, कारण काही जातींत लिंगाचं प्रमाणच वाढीच्या पाण्यावर ठरतं: आम्लधर्मी पाण्यातल्या क्रिबेन्सिसमध्ये आणि गरम पाण्यातल्या अ‍ॅपिस्टोग्रामामध्ये नर जास्त निघतात.

मी सहा एंजल आणले. आठव्या महिन्यात त्यांतले दोन बाकीच्यांपासून वेगळे झाले. या वेळी मी आधी नळ्या पाहिल्या: एक टोकदार, एक बोथट. अंडी घातल्यानंतर तिसऱ्या दिवशी पाटीवर बारीक शेपट्या वळवळत होत्या. जुन्या दोन माद्या शेजारच्या टँकमध्ये आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी पुन्हा तोंडाने पाटी घासायला घेतली.